पाठीचा हिशेब : जुन्नर-आंबेगावच्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी

धंद्यातील नफा-तोटा, उधारी, कर्ज आणि बाजारभाव हे या पानाचे नेहमीचे विषय आहेत. आज आम्ही अशा एका भांडवलाविषयी लिहिणार आहोत, ज्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. ते भांडवल म्हणजे आपली पाठ.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेजारी तालुके. नारायणगावचा टोमॅटो, आळेफाटा आणि ओतूरचा कांदा, मंचरचा बटाटा या मालावर येथील बाजार चालतो. त्याच्या आधाराने आपल्या समाजातील कितीतरी घरे पोट भरतात. कोणी बागवान फळे-भाजी विकतो, कोणी तांबोळी, कोणी आतार, कोणी मुलाणी. मणियारांच्या बांगड्या आहेत, पिंजाऱ्यांच्या गाद्या आहेत, शिलाईची दुकाने आहेत, गॅरेज आहेत, पुणे-नाशिक रस्त्यावर धावणारे टेम्पो आणि पिकअप आहेत. या सगळ्या धंद्यांत एक गोष्ट सारखी आहे. मालक आणि कामगार बहुधा एकच माणूस असतो. तो अंथरुणाला खिळला की दुकानाचे शटर खाली येते. नोकरदाराला आजारपणाची रजा मिळते, आपल्याला मिळत नाही.

आमच्या ओळखीचे एक शिलाई कारागीर आहेत. ऐन लग्नसराईत त्यांची कंबर धरली. चार हितचिंतकांनी सांगितले, "पाठीला आराम द्या, महिनाभर उठूच नका." त्यांनी ते मनापासून पाळले. महिन्यानंतर उठले तेव्हा पाय लटपटत होते, कंबर पूर्वीपेक्षा जास्त ताठली होती, घेतलेली कामे दुसरीकडे गेली होती आणि मदतनीस मुलगाही दुसऱ्या दुकानात लागला होता. दुखण्याने जेवढे नुकसान केले, त्याहून जास्त नुकसान चुकीच्या सल्ल्याने केले. म्हणूनच हा विषय व्यापाराच्या पानावर घ्यावा असे आम्हांस वाटले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामापासून अडवणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक जगात पहिला लागतो. त्यातील सुमारे ९० टक्के दुखण्यांत हाड मोडणे, गाठ किंवा जंतुसंसर्ग असे ठराविक कारण सापडत नाही. अशी बहुतेक दुखणी रोजच्या सवयींशी बांधलेली असतात आणि सवय बदलणे आपल्या हातात असते.

पाठ चालते कशी?

मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे २४ हलणारे मणके एकावर एक रचलेले आहेत. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचा जुळलेला भाग येतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट चकती असते. आपल्याकडे तिला गादी म्हणतात. तिच्या आतला भाग पाणीदार, लगद्यासारखा असतो. मोठेपणी या गादीला रक्तवाहिन्यांमधून थेट पोषण मिळत नाही. आपण हललो, चाललो, दाब कमी-जास्त झाला की आजूबाजूचा रस आत-बाहेर होतो आणि त्यावर ती जगते. म्हणजे पाठीचे अन्न हालचाल आहे. तासन् तास एकाच आसनात बसलेला माणूस पाठीला उपाशी ठेवतो.

दिवसभर उभे राहून, ओझे वाहून या गाद्यांतले थोडे पाणी पिळून निघते. त्यामुळे संध्याकाळी आपली उंची सकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटरने कमी भरते. रात्री आडवे पडल्यावर गाद्या पुन्हा पाणी शोषून फुगतात. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पहाटेच्या बाजाराशी तिचा संबंध पुढे येणार आहे.

वीस किलोच्या क्रेटचा हिशेब

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो २० किलोच्या क्रेटमधून विकला जातो. जुलै २०२३ मध्ये याच क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला होता, ते दिवस वाचकांना आठवत असतील. अशा दिवसांत माणूस अंगाकडे पाहत नाही. शंभर क्रेट उचलले तर दोन टन माल कमरेवरून गेला. तो एकदा पिकअपमध्ये चढवला आणि एकदा उतरवला तर चार टन झाले.

योगायोग असा की जर्मनीतील संशोधकांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तोही २० किलो वजनावरच. एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाब मोजणारी बारीक सुई बसवून त्याला रोजच्या हालचाली करायला लावल्या. आरामात उभे असताना गादीवर जेवढा दाब असतो, त्याला आपण एक रुपया धरू. मग हिशेब असा लागतो :

आडवे पडलेले असताना वीस पैसे.
कमरेतून पुढे वाकून बसले असताना एक रुपया पासष्ट पैसे.
२० किलो वजन छातीशी धरून उभे असताना दोन रुपये वीस पैसे.
तेच वजन हात लांब करून, छातीपासून ६० सेंटिमीटरवर धरले तर तीन रुपये साठ पैसे.
गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलताना तीन रुपये चाळीस पैसे.
पाठ गोल करून, कमरेतून वाकून उचलताना चार रुपये साठ पैसे.

हे मोजमाप एकाच माणसावरचे आहे, त्यामुळे प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येईल. पण चढउताराची दिशा सर्वांना लागू आहे. माल तोच, मजुरी तीच. उचलण्याची पद्धत बदलली की खर्च चार साठवरून तीन चाळीसवर येतो.

असे का होते, हे तराजू धरणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. तराजूच्या दांडीवर वजन जितके लांब टांगावे तितके ते भारी पडते. आपल्या पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर आहेत. क्रेट ५० सेंटिमीटर लांब धरला तर स्नायूंची दांडी त्याच्या दहाव्या भागाइतकीच राहते. मग २० किलो पेलण्यासाठी त्यांना सुमारे २०० किलोचा जोर लावावा लागतो. तोच क्रेट पोटाशी, २५ सेंटिमीटरवर आणला की जोर निम्मा होतो. म्हणून पहिली सवय ही : माल अंगाशी घ्या. कपडे मळतील म्हणून क्रेट लांब धरणारा माणूस कपडे वाचवून कंबर खर्च करतो. जाड कापडाचा एक एप्रन शिवून घेतला की कपडेही वाचतात आणि कंबरही.

उचलताना पाय थोडे फाकवून मालाच्या जवळ जा, गुडघे वाकवा आणि पायांच्या जोरावर उठा. क्रेट हातात असताना कमरेतून पीळ देऊन बाजूला ठेवू नका. पावले टाकून पूर्ण अंग फिरवा. वाकणे आणि पिळणे एकत्र आले की गादीला सर्वांत जास्त इजा होते. शक्य तेथे जमिनीवरून उचलणेच टाळावे. रिकामे क्रेट उलटे मांडून किंवा लाकडी फळ्यांवर थप्पी लावली की खालचा माल गुडघ्याच्या उंचीवर येतो. हातगाडी असेल तर ती ओढण्याऐवजी ढकलावी.

पोत्याचे वजन

कांदा-बटाट्याचे पोते साधारण ५० किलोचे असते. पूर्वी हमालांच्या पाठीवर १०० किलोचे पोते येई. ते निम्म्यावर आणावे म्हणून पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने दीर्घकाळ आवाज उठवला. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा सुचवली आहे. कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमातही इजा होईल इतके जड वजन कोणाकडून उचलून घेऊ नये असे म्हटले होते.

पण मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेने उत्तम परिस्थितीत, दोन्ही हातांनी, अंगाशी धरून उचलण्यासाठी जे वजन बहुतेकांना सुरक्षित मानले, ते २३ किलो आहे. माल लांब असेल, जमिनीवर असेल, वारंवार उचलायचा असेल तर हा आकडा आणखी खाली येतो. म्हणून ५० किलोचे पोते दोघांनी धरावे. पाठीवर घ्यायचे असेल तर जमिनीवरून न घेता कमरेच्या उंचीच्या फळीवरून किंवा पिकअपच्या फाळक्यावरून घ्यावे. आपल्या दुकानात हमाल किंवा शिकाऊ मुलगा असेल तर त्याच्या पाठीची जबाबदारी मालक म्हणून आपल्यावरच आहे. "एकटाच उचल, मर्द आहेस" असे त्याला म्हणू नये.

औषधाच्या दुकानात मिळणारा कंबरपट्टा बांधून निर्धास्त होणारेही पुष्कळ दिसतात. अमेरिकेत माल हाताळणाऱ्या ९ हजारांहून अधिक दुकान-कामगारांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. रोज पट्टा बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत कंबरदुखीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. डॉक्टरांनी काही दिवस बांधायला सांगितला तर जरूर बांधावा, पण पट्टा आहे म्हणून जास्त वजन उचलू नये.

पहाटेचा बाजार

रात्रभर पाणी शोषून गाद्या पहाटे फुगलेल्या, ताठ असतात. अशा वेळी खोल वाकले तर त्यांच्यावरचा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा जास्त येतो. कंबरदुखी असलेल्या लोकांना उठल्यापासून पहिले दोन तास वाकणे टाळायला शिकवले तेव्हा त्यांचे दुखणे कमी झाले, असे १९९८ सालच्या एका अभ्यासात दिसले.

बागवान बंधूंची अडचण अशी की त्यांचे सर्वांत जड काम नेमके पहाटेच असते. यावर उपाय आहे. अंथरुणातून उठताना एका कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. फजरच्या नमाजला मशिदीत चालत जावे, तेवढे अंग मोकळे होते. नमाजमध्ये रुकू आणि सजद्यासाठी घाई न करता सावकाश वाकावे. बाजारात पोचल्यावर पहिला अर्धा तास हलकी कामे घ्यावीत : माल पाहणे, भाव काढणे, रिकामे क्रेट लावणे. जड पोती त्यानंतर. ज्यांची पाठ सध्या फार दुखते आहे आणि सजदा करणे कठीण जाते, त्यांना बसून नमाज अदा करण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. आपल्या इमामसाहेबांना विचारून ती घेण्यात संकोच करू नये.

बसून कामे करणारे

ओझे न उचलणारा कारागीर सुरक्षित आहे असे नाही. वर दिलेल्या हिशेबात पुढे वाकून बसण्याचा दर उभे राहण्यापेक्षा जास्त आहे, आणि तो दिवसाला आठ-दहा तास भरावा लागतो.

जुन्नरचा हातकागद एकेकाळी नावाजलेला होता. तो करणारे कागदी आपल्याच समाजातले. त्या धंद्यात लगदा कुटणे, हौदाच्या काठी बसून ताव काढणे, दाबणे, वाळवणे, घोटणे असे निरनिराळे टप्पे असत. अशी कामे आलटून-पालटून केली तर अंगाचे आसन आपोआप बदलते. आजच्या दुकानात एकच माणूस एकच काम सकाळपासून रात्रीपर्यंत करतो. म्हणून आसन बदलण्याची वेळ आपणच ठरवावी लागते. दर अर्ध्या तासाने उठावे, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे झुकावे, दहा पावले चालावे. यात एक मिनिट जाते. दुपारनंतर जुहर, असर, मगरिबच्या वेळी आपण उठतोच. मधल्या वेळेची सवय तेवढी लावायची आहे.

शिलाई कारागिरांनी स्टूलऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची घ्यावी. कापड डोळ्यांजवळ न्यावे लागत असेल तर दोष बहुधा उजेडाचा किंवा चष्म्याचा असतो आणि शिक्षा मानेला होते. मशीनवर एक दिवा लावावा, डोळे तपासून घ्यावेत. कापड जमिनीवर पसरून बेतण्यापेक्षा उंच टेबलावर बेतावे.

टेबलाच्या उंचीचा नियम सोपा आहे. उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. बारीक, हलके काम कोपराच्या उंचीवर असावे. जोर लावायचे काम त्याच्या चार ते सहा बोटे खाली. मुलाणी बंधूंचा मटण तोडण्याचा ओंडका, सुताराचे बाक, कलईवाल्याचा ठोकळा हे सर्व याच मापाने तपासावे. ओंडका बुटका असेल तर त्याखाली भक्कम बैठक द्यावी. उंच असेल तर आपण पाटावर उभे राहावे. फार वेळ उभे राहायचे असेल तर समोर विटेएवढ्या उंचीचा ठोकळा ठेवून एकेक पाय पाळीपाळीने त्यावर टेकवावा.

बांगड्या, अत्तर, पान अशा दुकानांत गादीवर मांडी घालून बसायची रीत आहे. त्यात गैर काही नाही. पाठीमागे लोड असावा आणि रोज लागणारा माल हाताच्या टप्प्यात, कंबर ते खांदा या उंचीत मांडावा. पुन्हा पुन्हा वाकून मागच्या फळीवरचा डबा काढणे टाळावे. गॅरेजमधील मिस्त्रींनी उकिडवे बसण्याऐवजी चाकांचे बुटके स्टूल करून घ्यावे. ते आपल्याच वेल्डरकडे सहज बनते.

आणखी एक खास व्यापाऱ्यांची सवय : मागच्या खिशातले जाड पाकीट. त्यावर बसले की एक बाजू उचलली जाते आणि मांडीमागून पायात जाणारी नस दबू शकते. बसताना पाकीट पुढच्या खिशात किंवा गल्ल्यात ठेवावे.

गाडीवर असलेल्यांसाठी

पिकअप किंवा टेम्पो चालवणाऱ्यांची पाठ दोन प्रकारे झिजते. एक सततची बैठक, दुसरी धक्क्यांची थरथर. सीट पुढे घेऊन गुडघे किंचित वाकलेले राहतील असे बसावे. कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी. टायरची हवा आणि गाडीचे पाटे वेळोवेळी पाहावेत; गाडी जेवढी आपटते तेवढी पाठही आपटते. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना माल सारखा बांधावा.

यातील सर्वांत मोठी चूक म्हणजे मुंबई किंवा पुण्याहून तीन-चार तास गाडी चालवून येणे आणि उतरताक्षणी पोती उतरवायला घेणे. इतका वेळ बसल्याने पाठीचे बंध सैलावलेले असतात. आधी पाच-दहा मिनिटे चालावे, चहा उभ्याने घ्यावा, मग मालाला हात लावावा.

वर्षाचे बारा महिने

आपल्या भागात पाठीवरचा ताण हंगामाप्रमाणे बदलतो. सवयीही तशा बदलाव्यात.

उन्हाळ्यात कांदा बराखीत भरला जातो आणि लग्नसराई जोरात असते. शिलाईवाले, मणियार, मंडपवाले आणि भटारी यांची ही कमाईची वेळ. बिर्याणीची भरलेली देग दोघांनी कडीला धरून उचलण्यापेक्षा कड्यांतून दांडे घालून चौघांनी उचलावी. देगीसाठी विटांची चूल थोडी उंच बांधली की वाकणेही कमी होते.

पावसाळ्यात टोमॅटोचा जोर असतो. चिखल होतो, फरशी ओली असते. पाय घसरून बसलेला एकच झटका अनेक वर्षे त्रास देतो. तळ झिजलेली चप्पल बाजारात घालू नये. भिजलेली पोती आणि माती लागलेला माल नेहमीपेक्षा जड असतो, हे धरून चालावे.

हिवाळ्यात शिवनेरीच्या पायथ्याशी आणि घाटाकडच्या गावांत पहाटे चांगलाच गारठा असतो. मंचरला पंजाबकडून बटाट्याचे बियाणे येते, त्या गाड्या उतरवायच्या असतात. थंड स्नायू ताठ असतात. कमर उघडी पडेल असा आखूड स्वेटर घालू नये, कामाआधी अंग गरम करावे.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे तो कधी उन्हात तर कधी थंडीत असतो. रोज्यात जड कामे शक्यतो सकाळच्या वेळी उरकावीत. ईदच्या आधीच्या रात्री शिलाईचे दिवे पहाटेपर्यंत जळतात, तेव्हा दोघांनी पाळ्या लावाव्यात. बकरीदला ज्यांचा हा रोजचा धंदा नाही असेही अनेकजण दिवसभर उकिडवे बसून किंवा वाकून काम करतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतात. त्या दिवशी जमिनीऐवजी टेबलावर मटण तोडावे आणि घरातल्या तरुणांमध्ये काम वाटून घ्यावे.

गादी कशी असावी?

पाठदुखी झाली की जमिनीवर किंवा फळीवर झोपावे असा समज पक्का आहे. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. आपल्या पिंजारी बंधूंनी भरलेली कापसाची गादी या कामाला चांगली आहे. मात्र मध्ये खड्डा पडलेली, गोळे झालेली गादी नको. ती वेळोवेळी उकलून, कापूस पिंजून पुन्हा भरून घ्यावी. त्यात आपल्या पाठीचे भले आहे आणि एका हुन्नरवंताचा रोजगारही आहे. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्यावी.

कंबर धरलीच तर

अंथरुणावर पडून राहू नये, ही पहिली गोष्ट. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले. दुखणे दोघांचेही सारखेच बरे झाले, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्के कमी झाले. १९९५ साली फिनलंडमध्ये तर असे दिसले की सोसेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले. म्हणजे जड उचलणे थांबवावे, पण उठणे, फिरणे, गल्ल्यावर थोडा वेळ बसणे चालू ठेवावे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास बरे वाटते.

"मणक्यात गॅप आहे" हे शब्द ऐकून अनेकजण धंदाच सोडायचा विचार करतात. पाठ मुळीच न दुखणाऱ्या माणसांची एमआरआय तपासणी केली तरी पन्नाशीच्या सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. केस पिकावेत तशी ही गोष्ट आहे. फोटोला घाबरू नये. डॉक्टर तपासून काय सांगतात ते ऐकावे.

दुखणे परतू नये म्हणून सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चालणे. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच दिवस, हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत चालणाऱ्यांना कंबरदुखी पुन्हा होईपर्यंत सरासरी २०८ दिवस मिळाले. न चालणाऱ्यांना ११२ दिवस. याला ना फी, ना यंत्र. ईशाच्या नमाजनंतर गावाबाहेर एक फेरी मारली तरी पुरते. बिडी-सिगारेटचाही कंबरदुखीशी संबंध आढळला आहे, तेव्हा तो खर्च वाचवावा. ज्यांचा सारा दिवस घराच्या किंवा दुकानाच्या आत जातो, अशा स्त्री-पुरुषांनी थोडा वेळ अंगावर ऊन घ्यावे. ड जीवनसत्त्व फार कमी पडले तर हाडे दुखतात, विशेषतः घरातल्या बायकांची. त्यांची कंबरदुखी "कामाची आहे" म्हणून टाळू नये.

मात्र काही लक्षणे दिसली तर एक दिवसही दवडू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे : असे झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे, उशीर झाला तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करावी. क्षयाचे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते आणि तो बरा होतो. जुन्नर व नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय येथून सुरुवात करता येते. दुकानातून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊन महिनोन् महिने रेटू नये, त्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. पायात मुंग्या-कळा असताना कोणाकडूनही कंबर झटका देऊन "बसवून" घेऊ नये.

वर सांगितलेल्या सर्व गोष्टी एकदम पाळणे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. या आठवड्यात दोनच घ्या : माल अंगाशी धरणे आणि दर अर्ध्या तासाने उठणे. त्या अंगवळणी पडल्या की पुढच्या महिन्यात आणखी दोन. दिवाळीला किंवा आर्थिक वर्ष संपताना आपण दुकानाच्या मालाची मोजदाद करतो. त्याच दिवशी दुकानातली बैठक, टेबलाची उंची, थप्पीची जागा आणि घरची गादी यांचीही एकदा मोजदाद करावी. आणि दुकानात काम शिकायला आलेल्या मुलाला हिशेब शिकवताना क्रेट कसा उचलायचा तेही शिकवावे. त्याला अजून चाळीस वर्षे ही पाठ वापरायची आहे.